मधला अंतरपाट

राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांना, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि रात्रपाळीला कॅज्युअल्टीत बसणाऱ्या तरुण डॉक्टरांना,



"डॉक्टर, कसंतरीच होतंय." हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद तुमच्याकडेही नसेल. पेशंट स्टुलावर बसतो, छातीवर हात ठेवतो, धडधडतं म्हणतो, चक्कर येते म्हणतो, हातापायांना मुंग्या येतात म्हणतो, आणि थोडं थांबून हे वाक्य बोलतो. तोवर तुम्ही बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतलेला असतो. 'कसंतरीच' म्हणजे नेमकं कसं, हे विचारायला बाहेरच्या बाकावरची गर्दी सवड देत नाही. माझं हे पत्र त्या एका शब्दाबद्दल आहे. त्या शब्दाखाली मी ११ वर्षं एक गोष्ट झाकून ठेवली होती. तुमच्यापैकी कुणी विचारली असती, तर सांगितली असती.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. पहिला झटका आला तेव्हा २७ वर्षांची होते. मे महिना, मावसबहिणीचं लग्न, पत्र्याचं मंगल कार्यालय. मी करवली म्हणून हातात करा घेऊन नवरीच्या मागे उभी. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या कडव्याला छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. धडधड, घाम, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या. इथपर्यंतचं मी पुढे प्रत्येक डॉक्टरला सांगितलं. त्यानंतर जे झालं ते एकाही डॉक्टरला नाही. आवाज लांब गेले. भटजींचं तोंड इथे हलत होतं आणि शब्द दुसरीकडूनच कुठूनतरी येत होते. समोरची माणसं सपाट झाली, कॅलेंडरावरच्या चित्रांसारखी. करा धरलेला हात माझाच आहे हे कळत होतं, पण वाटत नव्हतं. आई शेजारीच उभी होती. तिच्याकडे पाहिलं, तर ती आईसारखी दिसणारी कुणीतरी बाई होती. टाळ्या वाजल्या, भटजींनी अंतरपाट काढला. माझ्या आणि जगाच्या मधला मात्र तसाच धरलेला राहिला.

जवळच्या रुग्णालयात नेलं. ईसीजी काढला, एक इंजेक्शन दिलं, आणि ड्यूटीवरचा डॉक्टर हसतमुखानं म्हणाला, "हार्ट एकदम नॉर्मल. काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका." घरच्यांच्या जिवात जीव आला. माझ्या मनात आलं : हार्ट नॉर्मल, म्हणजे बिघडलंय ते डोकंच.

तो डॉक्टर चुकला असं मी म्हणत नाही. त्यानं हृदय तपासलं, ते तपासायलाच हवं होतं. पण माझी भीती ज्या गोष्टीची होती तिला त्याचं उत्तर लागूच पडत नव्हतं. मरणाची भीती त्या संध्याकाळीच ओसरली. वेड लागण्याची भीती ११ वर्षं राहिली.

तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाही? काय सांगणार होते? 'माझी आई मला खोटी वाटली'? हे वाक्य आपल्या घरात मोठ्यानं म्हणून बघा. मी मराठीची शिक्षिका, शब्दांवर पोट भरणारी बाई. मलाही त्या अनुभवाला शब्द सापडला नाही. सुन्न म्हणावं तर मन सुन्न नव्हतं, भीतीनं ओरडत होतं. भान हरपलं म्हणावं तर भान लख्ख होतं, कार्यालयातल्या पंख्यांची पाती मोजता आली असती. शेवटी मी सगळे म्हणतात तेच म्हणाले : चक्कर येते. डॉक्टर, माझी तुम्हाला पहिली विनंती या शब्दाविषयी आहे. मराठीत चक्कर हा एक गाठोड्यासारखा शब्द आहे. घर फिरतं ती चक्कर, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती चक्कर, उपासानं गळून जायला होतं ती चक्कर, आणि जग खोटं वाटायला लागतं तीही चक्करच. मी चक्कर म्हणाले आणि मला चक्करेच्या गोळ्या मिळाल्या. मग मानेचा एक्स-रे. मग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. एकदा सलाइनही लावलं. सासूबाईंच्या मैत्रिणीनं देवऋषी सुचवला, तेही झालं. उतारा ओवाळून तिठ्यावर टाकला. माणूस मोठा समजूतदार निघाला. त्यानं निदान एवढं तरी विचारलं, "ताई, आपलं माणूस परकं वाटतंय का?" मी घाबरून नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर ते बाहेरचं ठरलं असतं, आणि पुढे काय काय करावं लागलं असतं कुणास ठाऊक. पण प्रश्न बरोबर होता, हे मला आज कबूल केलं पाहिजे. तो तुमच्यापैकी कुणाच्या तोंडून यायला हवा होता.

तो प्रश्न पुढे आला. अकराव्या वर्षी, बदलीच्या गावी, एका जुन्या दवाखान्यात. उतारवयाचे एमबीबीएस डॉक्टर, भिंतीवर पिवळी पडलेली डिग्री. मी नेहमीची यादी म्हटली, 'कसंतरीच होतं'पाशी आले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या वेळी आजूबाजूचं स्वप्नातल्यासारखं, खोटं वाटतं का? किंवा स्वतःलाच लांबून बघितल्यासारखं?" मी रडले. त्यांनी रडू दिलं आणि म्हणाले, "पुष्कळांना होतं. त्याला नाव आहे. त्यानं वेड लागत नाही." तीन वाक्यं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, औषधं सुरू झाली, थेरपी झाली, सगळं रीतसर. पण माझ्या आजारपणाचा उतार त्या तीन वाक्यांपासून सुरू झाला.

ती नावं तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत. जग परकं वाटणं ते डिरिअलायझेशन आणि आपण स्वतःच परके वाटणं ते डिपर्सनलायझेशन. दोन्ही डिसोसिएशनच्या कुळातली, म्हणजे जाणीव, स्मृती, स्वतःची ओळख या एरवी एकत्र विणलेल्या धाग्यांची वीण सैल होण्याच्या कुळातली. अंगात येणं हेही आपल्याकडे त्याच कुळात मोजलं जातं, त्यामुळे डिसोसिएशन म्हटलं की मराठी डॉक्टरला आधी घुमणारी बाई किंवा दातखीळ बसलेली मुलगी आठवते. माझ्यासारखी, जी उभी आहे, नीट बोलते आहे आणि आतून दहा हात लांब गेली आहे, ती आठवत नाही. ती दिसतही नाही, हा तिचा खरा घोटाळा आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत पॅनिक अटॅकची १३ लक्षणं दिली आहेत, त्यातली निदान चार हवीत. त्या तेरांत धडधड आहे, घाम आहे, छातीत दुखणं आहे, मुंग्या आहेत, चक्कर आहे. आणि चक्करेपासून वेगळं मोजलेलं, जग किंवा स्वतः खोटं वाटणं हेही एक लक्षण आहे. आपला ताबा सुटेल, वेड लागेल ही भीती हे आणखी एक. ही दोन लक्षणं एकमेकांना कशी पोसतात ते मला विचारा.

थोडा इतिहास सांगते, कारण तुमच्या हातून हे का निसटतं याचं उत्तर मला त्यात सापडलं. १८७१ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेकब दा कोस्टा यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडीवर लिहिलं. हृदयात दोष सापडत नाही, तरी ते चवताळतं. दोन वर्षांनी, १८७३ मध्ये, पॅरिसमध्ये मॉरिस क्रिशाबर या डॉक्टरनं एक पुस्तक काढलं. मूळचा हंगेरीचा, घशाच्या आजारांचा तज्ज्ञ. त्याच्या रुग्णांना धडधड होती, घाबरं होत होतं, आणि ते सांगत की आपण स्वप्नात असल्यासारखं वाटतं, जग बदलल्यासारखं, परकं झाल्यासारखं वाटतं. क्रिशाबरनं या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं, त्यात मेंदू आणि हृदय दोन्ही जोडलेले होते. त्याची कारणमीमांसा पुढे टिकली नाही. पण एकाच माणसाची दोन गाऱ्हाणी त्यानं एकाच कागदावर लिहिली होती, हे विसरता येत नाही. पुढे तो कागद फाटला. धडधड हृदयवाल्यांकडे गेली. परकेपणा तत्त्वज्ञांकडे आणि मानसशास्त्रज्ञांकडे गेला. डिपर्सनलायझेशन हा शब्दच मुळात १८९८ मध्ये लुडोविक द्युगा या फ्रेंच लेखकानं रूढ केला, तोही आमिएल नावाच्या स्विस प्राध्यापकाच्या रोजनिशीतून उचलून. १९५९ मध्ये इंग्लंडात मार्टिन रॉथ यांनी पुन्हा दोन्ही तुकडे जोडले आणि फोबिया, चिंता व डिपर्सनलायझेशन अशी तिन्ही नावं असलेला एक विकार मांडला. १९८० मध्ये अमेरिकन पुस्तिकेत पॅनिक डिसऑर्डर स्वतंत्र आजार म्हणून आला, तेव्हा परकेपणा त्याच्या लक्षणांच्या यादीत एक ओळ होऊन बसला आणि डिपर्सनलायझेशनचा आजार दुसऱ्याच प्रकरणात गेला. आजही पॅनिक एका प्रकरणात शिकवतात आणि डिसोसिएशन दुसऱ्या. पेशंट मात्र एकच असतो, आणि तो मधल्या पानांत हरवतो.

यंत्रणा तुम्ही माझ्याहून चांगली जाणता. तरी आतून कशी दिसते ते सांगते. भीतीनं माणूस भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तपुरवठा थोडा घटतो. त्यातून मुंग्या, हलकं डोकं, आणि डोळ्यांपुढे तो विचित्र उजेड. ट्यूबलाइटखाली सगळं जास्तच नाटकातल्या पडद्यासारखं दिसतं. ही झाली एक वाट, पण एवढीच असती तर श्वास सावकाश घेतल्यावर सगळं संपलं असतं. दुसरी वाट जास्त जुनी आहे, कदाचित माणसाहूनही जुनी. १८४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टनला सिंहानं खांद्याला धरून झिंजाडलं. पुढे त्यानं लिहून ठेवलं की त्या क्षणी त्याला ना दुखलं, ना भीती वाटली. सगळं कळत होतं, पण स्वप्नासारखं. तो मिशनरी, त्यानं याचं श्रेय परमेश्वराच्या दयेला दिलं. आजचे संशोधक मेंदूला देतात. केंब्रिजमधल्या सिएरा आणि बेरिओस यांनी १९९८ मध्ये मांडलं की भीती हाताबाहेर जाऊ लागली की मेंदूचा पुढचा भाग भावनेच्या केंद्रांवर जोरात झाकण दाबतो. माणूस सावध राहतो, पण अनुभवातला ओलावा जातो. आई दिसते, आईपण वाटत नाही. पुढे मेंदूच्या चित्रणांतही या रुग्णांमध्ये किळसवाणी चित्रं पाहताना भावनेशी निगडित भाग एरवीसारखा पेटत नाही, असं आढळलं.

सिंहाच्या तोंडात हे झाकण उपयोगी आहे. मंगल कार्यालयात सिंह नव्हता. म्हणून माझ्या मेंदूनं त्या झाकणालाच सिंह मानलं. इथे डॉक्टर, जरा थांबा, कारण सगळा संबंध या एका वळणावर आहे. भीतीपासून वाचवायला जे आलं, तेच नव्या भीतीचं कारण झालं. हे काय होतंय, वेड लागतंय, या विचारानं श्वास आणखी वाढला, परकेपणा आणखी दाटला, आणि त्याला बघून भीती पुन्हा वाढली. पुढे पुढे धडधड नसतानाही मी स्वतःला तपासायला लागले. सकाळी चहाचा कप उचलला की बघायचं, हात आपला वाटतोय का? माणूस स्वतःच्या हाताकडे टक लावून बघत राहिला की तो कुणाचाही हात परका होतो, तुम्ही आत्ता करून बघा. मी दिवसातून ४० वेळा करत होते. झटक्यात जग परकं वाटतं अशा लोकांचा पॅनिक डिसऑर्डर जास्त तीव्र असतो, घराबाहेर पडण्याची भीतीही त्यांना जास्त ग्रासते, असं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं आहे. मला आश्चर्य वाटत नाही. धडधडीसाठी दवाखान्यात जाता येतं. जगच खोटं झालं तर जायचं कुठे?

आता वेडाचा प्रश्न. तुमच्याही मनात तो असतो, म्हणूनच तुमच्यापैकी काही जण हे ऐकलं की चेहरा बदलतात आणि आम्ही तो बदललेला चेहरा वाचतो. याचं उत्तर मला वैद्यकापेक्षा अलंकारशास्त्रात आधी सापडलं. अकरावीला मी उत्प्रेक्षा शिकवते. उपमेय हे जणू उपमानच आहे असं जिथे वाटतं ती उत्प्रेक्षा, आणि ओळखायची खूण म्हणजे जणू, गमे, वाटे, भासे हे शब्द. आमच्या तक्रारीत तो 'जणू' कधीही सुटत नाही. जग जणू खोटं आहे. आई जणू दुसरी कुणी आहे. मी जणू यंत्र आहे. अर्थ असा की, खोटं नाही हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून तर मी घाबरले आहे. ज्याचा वास्तवाशी संबंध तुटलेला असतो तो माणूस 'जणू' म्हणत नाही. तो सांगतो, ही माझी आई नाही, हिला बदललंय. तिथे रूपक झालेलं असतं, आणि त्यालाच ते रूपक वाटत नाही. तुमच्या पुस्तकात याला वास्तवाचं भान शाबूत असणं म्हणतात आणि निदानाची ती अटच आहे. मी माझ्या भाषेत सांगते : पेशंटच्या वाक्यात 'जणू' शोधा. सापडला, तर त्याला तिथल्या तिथे सांगून टाका की तू वेडा होत नाहीयेस. ते ऐकण्यासाठी तो किती दारं हिंडून आलाय याची तुम्हाला कल्पना नाही.

खुलं पत्र हा घाट मी उगाच निवडला नाही. १९३६ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी रोमाँ रोलाँ यांच्या सत्तरीनिमित्त त्यांना एक खुलं पत्र लिहिलं. रोलाँ म्हणजे आपल्याला गांधी, रामकृष्ण आणि विवेकानंदांचे चरित्रकार म्हणून ठाऊक असलेले. त्या पत्रात फ्रॉइड ३२ वर्षांपूर्वीची आठवण सांगतात. १९०४ साली धाकट्या भावाबरोबर अथेन्सला गेले, अॅक्रोपोलिसवर उभे राहिले, आणि क्षणभर समोर दिसणारं ते सारं खरं नाहीच असं त्यांना वाटलं. वय ४८, पुढे जगभर नावाजला गेलेला मनाचा वैद्य. वडिलांना जे कधी पाहता आलं नाही ते आपण पाहिलं याची अपराधी टोचणी हे त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फारसं पटत नाही. फ्रॉइडना बाप सापडला नाही असं क्वचितच होतं. पण ऐंशीकडे झुकलेल्या त्या माणसानं हे चारचौघांत लिहून टाकलं, ही गोष्ट मला त्या स्पष्टीकरणाहून मोठी वाटते. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या रांगेत आपण एकटे नाही. नाहीच आहोत. असा क्षणिक अनुभव साधारण निम्म्या प्रौढांना आयुष्यात एकदा तरी येतो. जागरणानंतर येतो, तापात येतो, अपघातानंतर येतो. तो ठाण मांडून बसला की आजार होतो, आणि तेही सुमारे २ टक्के लोकांच्या बाबतीत घडतं. सुरुवात बहुधा सोळाव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे दहावी-अकरावी. माझ्या बाकांवर बसलेली पोरं.

एक खास आपल्याकडची अडचणही सांगते. मी धीर करून माझ्या एका काकांना म्हटलं होतं, जग खोटं वाटतं हो मला. ते प्रसन्न झाले. "अगं, मोठमोठ्यांना जन्मभर साधना करून हे कळत नाही!" त्यांना वाटलं, पोरीला वैराग्य आलं. जग मिथ्या आहे असं कळलेल्या माणसाला शांत वाटत असावं. मला अंघोळ करताना दाराला कडी लावायची भीती वाटत होती. अध्यात्माला माझा विरोध नाही, पण दोन्हींतला फरक निदान डॉक्टरला कळावा.

तुम्ही काय करावं हे सांगण्याचा अधिकार मला पेशंट म्हणून आहे तेवढाच आहे. पहिल्या खेपेला ईसीजी, साखर, थायरॉइड जरूर बघा. फिटचा प्रश्न विचारा : विचित्र वास येतो का, ओठ-हात आपोआप हलतात का, मधला काळ आठवतच नाही असं होतं का? टेम्पोरल लोबच्या फिटमध्येही जग परकं वाटतं. गांजा-भांगेचं विचारा, तरुण मुलांना तर एकटं घेऊन विचारा. चाळिशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालं असेल तर जास्त कसून शोधा. पण एकदा सगळं नॉर्मल आलं की तपासण्या थांबवा. दर खेपेच्या नव्या तपासणीबरोबर आम्हाला एकच निरोप मिळतो, की काहीतरी आहे आणि ते डॉक्टरांनाही सापडत नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते अंगाशी येतं. आणि अल्प्राझोलामची ती पाव मिलिग्रॅमची गोळी! ती मला सहा वर्षं मिळत गेली. झटका शमतो, खरं आहे. पण तिची सवय लागते, आणि सोडताना जी घबराट होते ती पुन्हा नवा झटका वाटते. पॅनिकवर एसएसआरआय गटातली औषधं आणि बोधात्मक वर्तनोपचार यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. निव्वळ परकेपणावर मात्र मान्यताप्राप्त असं एकही औषध नाही. तिथे समजावून सांगणं हेच बरंचसं औषध आहे, म्हणून ते टाळता येत नाही.

माझ्या थेरपीतला एक व्यायाम सांगते, तुम्हाला गंमत वाटेल. मला आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे दोन मिनिटं टक लावून बघायला लावलं. अपेक्षेप्रमाणे चेहरा परका झाला. मग विचारलं, आता काय होईल? मी म्हटलं, वेड लागेल. "बघत राहा." बघत राहिले. वेड लागलं नाही, डोळ्यांत पाणी मात्र आलं आणि हसूही आलं. ज्याला टाळत ११ वर्षं गेली ते मुद्दाम बोलावलं, तर ते दोन मिनिटांत कंटाळून निघून गेलं. असं बऱ्याचदा केलं. आता मी पूर्ण बरी आहे का? नाही. पॅनिकचे झटके थांबून चार वर्षं झाली. पण मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासताना, रात्री अकरानंतर, लाल पेन धरलेला हात अजूनही कधीकधी दुसऱ्याचा होतो. मी त्याला बघते, मार्क देते, पुढचा पेपर घेते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, ते १२ राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यात नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मानसिक विकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविनाच आढळले. आपलं राज्य त्यात असतं तर आकडा फार वेगळा आला असता असं मानायला मला काही कारण दिसत नाही. २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलतात. तो दवाखान्याच्या भिंतीवर लावा, काही खर्च नाही. पण तो फिरवायला आपल्याला काय होतंय हे आधी कळावं लागतं, आणि ते कळण्याची जागा तुमच्यासमोरचं स्टूलच आहे. आम्ही मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जात नाही. आधी तुमच्याकडे येतो, आणि पुष्कळदा तुमच्याच दारातून परत फिरतो.

मागच्या महिन्यात बारावीची एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी रेंगाळली. "मॅडम, कसंतरीच होतंय." मी तिला तोच प्रश्न विचारला जो मला त्या जुन्या दवाखान्यात विचारला गेला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?" तिच्या वडिलांना मी फोन केला आहे. ते येत्या आठवड्यात तिला घेऊन तुमच्यापैकी कुणाकडे तरी येतील. वडील शेजारीच बसतील, बाहेर गर्दी असेल, आणि ती 'चक्कर येते' एवढंच सांगेल. कृपा करून तेवढ्यावर थांबू नका.

आपली,
एक शिक्षिका आणि जुनी पेशंट